‘ट्विच प्लेज पोकेमॉन’चे हरवलेले पहिले तास: शोध कसा घ्यायचा, पारख कशी करायची, प्रत कशी जपायची

१२ फेब्रुवारी २०१४ रोजी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रोग्रामरने स्वतःचं नाव न सांगता ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर एक स्ट्रीम सुरू केली. खेळ होता गेमबॉयवरचा जुना ‘पोकेमॉन रेड’. खेळणारा मात्र कुणी एक नव्हता. चॅटमध्ये कुणी ‘अप’, ‘लेफ्ट’, ‘ए’ किंवा ‘स्टार्ट’ असं टाइप केलं, की पायथन भाषेत लिहिलेला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, ते वाचायचा आणि एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते बटण दाबलं जायचं. चॅटमधला प्रत्येक जण हाच एक खेळ खेळत होता. खेळ संपला १ मार्चला, १६ दिवस आणि ७ तासांहून जास्त वेळ अखंड चालून. एका वेळी पाहणाऱ्यांचा आकडा कमाल १,२१,००० पर्यंत गेला, आणि भाग घेणाऱ्यांची संख्या गिनेसने ११,६५,१४० अशी नोंदवली.

शेवट इतक्या लोकांनी पाहिला की त्याच्या प्रती जागोजागी आहेत. पंचाईत आहे ती सुरुवातीची. करणाऱ्याच्या दृष्टीने ही स्ट्रीम म्हणजे ‘असं काही जमतं का’ हे बघण्याचा प्रयोग होता. पहिल्या तासांत बघणारे मोजके होते, आणि ‘हे जपून ठेवावं’ असं वाटायला कुणाकडे कारण नव्हतं. म्हणून सगळ्यात विरळ आहे ते याच काळाचं फुटेज. असं फुटेज शोधायचं कसं, सापडलं तर खरं की खोटं कसं ठरवायचं आणि पुन्हा हरवू नये म्हणून काय करायचं, हे इथे सविस्तर मांडतो. उदाहरण या स्ट्रीमचं असलं, तरी लोकांनी मिळून खेळलेल्या कोणत्याही जुन्या स्ट्रीमला हीच पद्धत लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे: व्हिडिओ शोधायला लगेच बसू नका. आधी वेळ शोधा.

पहिलं काम: तासांचा तक्ता

एक साधी स्प्रेडशीट उघडा. शून्याव्या तासापासून ३९१ व्या तासापर्यंत दर तासाला एक ओळ ठेवा. प्रत्येक ओळीपुढे रकाने करा: पूर्ण व्हिडिओ, अर्धवट व्हिडिओ, आवाज गेलेला व्हिडिओ, स्क्रीनशॉट, चॅटची नोंद, कुणी लिहिलेलं वर्णन. आज जे सहज मिळतं ते आधी भरून टाका. मग नेमकी भोकं कुठे आहेत ते दिसेल. ‘सुरुवातीचं फुटेज हरवलंय’ हे वाक्य शोधाला निरुपयोगी आहे. ‘नवव्या ते चौदाव्या तासांचा व्हिडिओ नाही, पण त्यातल्या दोन तासांचे स्क्रीनशॉट आहेत’ असं म्हणता आलं, तर शोध सुरू झाला.

तक्त्यात कॅलेंडरची तारीख लिहायची ती नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत. स्थानिक वेळ लिहिली की घोटाळा ठरलेला. फेब्रुवारीत सिडनी यूटीसीच्या ११ तास पुढे असते, भारत साडेपाच तास पुढे आणि कॅलिफोर्निया ८ तास मागे. यूटीसीप्रमाणे १२ फेब्रुवारीचे रात्रीचे साडेअकरा म्हणजे पुण्यात १३ तारखेची पहाटेची पाच वाजताची वेळ, सिडनीत १३ तारखेची सकाळ आणि सॅन होजेत १२ तारखेची दुपार. आता पुण्यातल्या माणसाच्या फाइलवर ‘१३ फेब्रुवारी, पहाटे ५’ असेल आणि सॅन होजेतल्या माणसाच्या फाइलवर ‘१२ फेब्रुवारी, रात्री ८’ असेल, तर नावावरून दुसरी फाइल जुनी वाटते. खरं तर पुण्याची फाइल साडेचार तासांनी आधीची आहे. पहिल्या दोन दिवसांच्या शोधात एवढा फरक म्हणजे सगळाच फरक.

स्ट्रीमच्या पडद्यावर किती दिवस, तास, मिनिटं झाली हे दाखवणारा धावता टायमर असायचा. तो दिसत असेल तर त्याला पहिला मान द्या आणि कॅलेंडर दुसरं ठेवा. टायमर दिसत नसेल तर काय करायचं, ते पारख करण्याच्या भागात येईल.

हरवलं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रत्येक भोकासमोर तुमचा अंदाज लिहा: रेकॉर्डच झालं नव्हतं, झालं होतं पण पुसलं गेलं, की कुठेतरी आहे पण सापडत नाही? तिन्हींसाठी शोधाची दिशा वेगळी. हा अंदाज बांधायचा तर त्या काळात फुटेज पुसलं कसं गेलं, हे माहीत हवं.

२०१४ च्या पूर्वार्धात ट्विचवर झालेलं प्रक्षेपण कायमचं जतन करून ठेवायची सोय होती. ६ ऑगस्ट २०१४ रोजी ट्विचने ती बदलली. सामान्य चॅनेलची जुनी प्रक्षेपणं १४ दिवस, भागीदार चॅनेलची ६० दिवस, त्यानंतर पुसणार. कायम राहतील ते फक्त निवडून काढलेले हायलाइट. कारण असं दिलं होतं की साठवणुकीची ८० टक्के जागा कुणीही न पाहणाऱ्या जुन्या प्रक्षेपणांनी भरली आहे. मला ते कारण समजतं, पण न पाहिलेलं म्हणजे नको असलेलं, हा हिशेब आमच्यासारख्या शोधणाऱ्यांना फार महागात पडला. त्याच दिवशी ध्वनी ओळखण्याची यंत्रणाही आली. जुन्या व्हिडिओत ओळखीचं संगीत सापडलं की तीस मिनिटांचा आख्खा तुकडा निःशब्द व्हायचा. म्हणून त्या काळाच्या प्रतीत अर्धा तास आवाज नसणं ही खोटेपणाची खूण नव्हे.

त्याच्या एकच दिवस आधी, ५ ऑगस्टला, ट्विच जिच्यातून जन्मली ती जस्टिन-टीव्ही बंद झाली होती. तिचे जुने व्हिडिओ तर जूनमध्येच काढून टाकले होते.

नंतरची वर्षंही या फुटेजच्या मुळावर आली. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने व्हिडिओवर दिसणाऱ्या जुन्या टिपा, म्हणजे ॲनोटेशन, कायमच्या काढल्या. ‘पुढचा भाग इथे’ अशा दुव्यांची साखळी त्यात तुटली. जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने २०१७ च्या आधीचे ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त दुवा असलेल्यालाच दिसणारे, व्हिडिओ खासगी केले. मालकाने मुद्दाम नको म्हटलं तेवढेच वाचले. २०१४ मध्ये मित्रांना दाखवायला कुणी अनलिस्टेड टाकलेला व्हिडिओ आज दुव्यावरून उघडत नाही, पण त्या खात्यात अजून असू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मे २०२३ मध्ये इमगरने खात्याशी न जोडलेली जुनी, कुणी न बघितलेली चित्रं काढायला सुरुवात केली आणि १ सप्टेंबर २०२३ ला जिफीकॅट बंद पडलं. त्या काळचे स्क्रीनशॉट आणि हलती चित्रं बहुतेक याच दोन ठिकाणी चढवली जायची. ताजा घाव एप्रिल २०२५ चा: ट्विचने प्रत्येक चॅनेलचे हायलाइट आणि अपलोड मिळून १०० तासांची मर्यादा घातली. ‘पोकेमॉन रेड’ची ही एकच खेळी ३९० तासांच्या वर जाते.

कुठे शोधायचं

जुनी वेबपानं जतन करणाऱ्या वेबॅक मशीनपासून सुरुवात करा. पण व्हिडिओ मिळेल या आशेने नव्हे. तिथे मिळतात खुणा. चॅनेलच्या पत्त्याच्या शेवटी तारांकन लावून त्या पत्त्याखाली जतन झालेल्या सगळ्या पानांची यादी काढा आणि फेब्रुवारी ते ऑगस्ट २०१४ एवढीच ठेवा. त्या काळात ट्विचच्या जुन्या प्रक्षेपणांच्या पत्त्यात चॅनेलच्या नावानंतर ‘बी’ आणि मग आकडा असायचा. हायलाइटच्या पत्त्यात ‘सी’ असायचा. ‘व्ही’चे पत्ते त्यानंतरचे. ‘बी’ असलेला प्रत्येक पत्ता तक्त्यात उतरवून घ्या. तो आज उघडणार नाही, पण तोच आकडा दुसऱ्या कुठल्या साठ्यात शोधता येतो.

चॅनेलचं पान वेबॅकमध्ये बऱ्याचदा अर्धंच उघडतं, कारण व्हिडिओंची यादी मागाहून भरली जायची. तेव्हा ट्विचच्या त्या काळच्या एपीआयचा (इतर प्रोग्रामना माहिती पुरवणारी सोय), म्हणजे ‘क्रॅकन’चा पत्ता वेगळा तपासा. क्रॅकन २०२२ मध्ये बंद झालं, तरी त्याचं जुनं उत्तर कधी जतन झालं असेल, तर त्यात प्रत्येक व्हिडिओचं नाव, रेकॉर्डिंगची वेळ आणि लांबी मिळते. एवढ्यावरून तक्त्यातली ‘रेकॉर्डच झालं नव्हतं’ आणि ‘पुसलं गेलं’ ही दोन भोकं वेगळी करता येतात. लघुचित्रंही (थंबनेल) सोडू नका. ट्विचची लघुचित्रं ज्या सर्व्हरवर असायची त्याच्या नावात जस्टिन-टीव्हीची ‘जेटीव्ही’ ही अक्षरं अजून होती. व्हिडिओ गेला तरी त्याचं लघुचित्र राहिलेलं असू शकतं, आणि एका चित्रावरूनसुद्धा त्या तासात खेळ कुठवर आला होता हे कळतं.

पुढचं ठिकाण इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे सर्वांसाठी खुलं डिजिटल ग्रंथालय. आर्काइव्ह टीम हा स्वयंसेवकांचा गट बंद पडणाऱ्या संकेतस्थळांवरचा मजकूर उचलून तिथे ठेवतो आणि ट्विचच्या जुन्या व्हिडिओंवरही त्यांनी काम केलं आहे. त्यांचे साठे वॉर्क (वेबपानं जतन करायचा फाइल-प्रकार) प्रकारच्या मोठ्या गाठोड्यांत असतात. त्यात खेळाच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही. मूळ पत्त्याने शोधावं लागतं. आधी टिपलेले ‘बी’चे आकडे इथे लागतात. त्या काळी ट्विचची जुनी प्रक्षेपणं एफएलव्ही या व्हिडिओ प्रकाराच्या तुकड्यांत साठवली जायची, सलग एका फाइलीत नव्हे. त्यामुळे एका प्रक्षेपणाचे मधले दोन तुकडे आहेत आणि टोकाचे नाहीत, असंही होतं. पहिला तुकडा मिळाला नाही म्हणून उरलेल्यांचा शोध सोडू नका.

मग यूट्यूब. इथे शब्द निवडायचं कौशल्य लागतं. आज या स्ट्रीमची आठवण ज्या शब्दांनी काढली जाते, म्हणजे हेलिक्स फॉसिल या खेळातल्या वस्तूची भक्ती, ‘बर्ड जीजस’ हे पिजिओट या पक्षी पोकेमॉनचं टोपणनाव, अराजक (आज्ञा येईल तशी) विरुद्ध लोकशाही (बहुमताची आज्ञा), ते सगळे पहिल्या दिवसांनंतर रुळले. पहिल्या दिवशी व्हिडिओ चढवणाऱ्याला ते ठाऊकच नव्हते. त्याने साधंच काहीतरी लिहिलं असणार: अनेक लोक मिळून पोकेमॉन खेळताहेत, चॅटवरून चालणारा खेळ, असं. त्या माणसाच्या जागी बसून शब्द लिहा. इंग्रजीबरोबर स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच आणि जपानीतही. शोधपेटीत ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ ही इंग्रजी पदं, पुढे कोलन आणि वर्ष-महिना-दिवस अशी तारीख लावली की ११ ते १८ फेब्रुवारी २०१४ एवढ्याच काळातले व्हिडिओ निघतात. तोच शोध तारखेशिवायही करा, कारण जुनी डिस्क उघडून पाच-सात वर्षांनी व्हिडिओ टाकणारेही असतात.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे दुसऱ्याच विषयाचे व्हिडिओ. स्ट्रीम गाजू लागली तेव्हा खेळांच्या बातम्या देणाऱ्यांनी, गप्पांच्या कार्यक्रमांनी, स्वतःची स्ट्रीम करणाऱ्यांनी तिचे तुकडे मागे लावले. कुणी बोलत असताना कोपऱ्यातल्या खिडकीत वीस सेकंद फुटेज चालतं, आणि त्या वीस सेकंदांत टायमर दिसतो. त्या आठवड्यात निघालेले असे कार्यक्रम आवाज बंद करून, नुसते डोळ्यांनी पाहत जा. जपानच्या निकोनिको आणि चीनच्या बिलिबिली या व्हिडिओ संकेतस्थळांवरही हेच करा. पोकेमॉनचं घर जपान आहे, तिथे कुतूहल लवकर जागं झालं असण्याची शक्यता जास्त.

माणसांना विचारणं

यंत्रात जे नाही ते बहुतेक कुणाच्या तरी कपाटातल्या डिस्कवर आहे. म्हणून ज्यांनी त्या आठवड्यात काहीही चढवलं होतं, अशा खात्यांची यादी करा आणि त्यांना लिहा. ‘तुमच्याकडे जुनं फुटेज आहे का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तर येत नाही. त्यांच्या एका विशिष्ट व्हिडिओचा उल्लेख करा. कोणत्या तासांचं हवं आहे ते त्यांच्या स्थानिक वेळेत सांगा. मूळ फाइल, आहे तशी, हवी आहे हे स्पष्ट लिहा. नाहीतर ते प्रेमाने यूट्यूबवर नव्याने चढवून दुवा पाठवतील आणि दर्जा आणखी घसरेल. अनलिस्टेड व्हिडिओचा मेलेला दुवा तुमच्याकडे असेल तर तो पाठवून एवढंच विचारा: हा तुमच्या खात्यात अजून दिसतो का? मालकाने दोन क्लिक केल्या की असा व्हिडिओ परत येतो.

त्या काळी स्ट्रीम साठवायला अनेक जण ‘लाइव्हस्ट्रीमर’ हे साधन वापरायचे. आजच्या ‘स्ट्रीमलिंक’चा तो पूर्वज. समोरच्याला ते नाव आठवलं तर चांगली खूण, कारण त्याने उतरवलेली फाइल म्हणजे ट्विचकडून आलेला मूळ प्रवाह, पडद्यावरून टिपलेली दुय्यम प्रत नव्हे. पण मोबाइलने मॉनिटर शूट केलेला तीस सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तरी आनंदाने घ्या.

आपल्याकडच्या वाचकांना इथे एक खास विनंती. कॅलिफोर्निया झोपलेली असते तेव्हा महाराष्ट्रात दुपार असते. अमेरिकी रात्रीच्या तासांचं फुटेज कमी असेल, तर ते त्या वेळी जागं असलेल्या माणसांकडे मिळायची शक्यता जास्त. तुम्ही २०१४ मध्ये कॉलेजच्या हॉस्टेलवर, नाहीतर सिडनी-मेलबर्नला शिकायला असाल आणि ती स्ट्रीम पाहिली असेल, तर जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एकदा बघा.

त्या लॅपटॉपची डिस्क घाईने सुरू करू नका. कटकट आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. ती चालत असेल तर तिच्यावर काहीही नवीन लिहिलं जाऊ न देता आधी ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. पुसलेल्या फाइली ‘फोटोरेक’ने शोधता येतात, तो एफएलव्ही ओळखतो; मात्र सापडलेल्या फाइली तिसऱ्या डिस्कवर उतरवा. ब्राउझरच्या कॅशेतून व्हिडिओची आशा धरू नका, तिथे लघुचित्रं आणि पानांवरची चित्रं मिळतात. विंडोजवर फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे नक्कल केली की ‘तयार झाल्याची’ तारीख बदलते, ‘शेवटचा बदल’ मात्र जुनाच राहतो. म्हणून तारीख बघायची ती शेवटच्या बदलाची, आणि ती नक्कल करण्याआधीच स्क्रीनशॉट काढून ठेवायची.

दोन मर्यादा पाळा. स्ट्रीम सुरू करणाऱ्याने नाव न सांगणं पसंत केलं आहे. त्याचा माग काढणं हा या शोधाचा भाग नाही. आणि चॅटमधल्या टोपणनावांमागची खरी माणसं कोण, हे जाहीर करू नका.

सापडलेलं खरं आहे का?

ही स्ट्रीम गाजल्यावर तिच्यासारख्या किती तरी निघाल्या. चाहत्यांनी हुबेहूब पडदे तयार केले. त्यामुळे ‘पहिल्या दिवसाचं फुटेज’ म्हणून आलेली प्रत्येक फाइल पारखून घ्या. नुसता टायमर पाहून थांबू नका. टायमर बनवणं सगळ्यात सोपं.

सुरुवात करा खेळाच्या आतून. ‘पोकेमॉन रेड’मध्ये काही गोष्टी फक्त वाढतात: पोकेमॉनची लेव्हल, बॅज, पोकेडेक्समधली, म्हणजे खेळातल्या पोकेमॉनच्या नोंदवहीतली, संख्या. पिजी हा पोकेमॉन लेव्हल १८ ला पिजिओटो होतो आणि ३६ ला पिजिओट. उलट कधीच होत नाही. त्यामुळे दोन तुकड्यांत कोणता आधीचा, हे लेव्हलवरून ठामपणे सांगता येतं. पैशांवर मात्र भिस्त ठेवू नका. लढाईत सगळे पोकेमॉन गारद झाले की निम्मे पैसे जातात, आणि या खेळीत ते वारंवार व्हायचं. ट्रेनर कार्डवर खेळाचं आतलं घड्याळही दिसतं. ते २५५ तासांच्या पुढे मोजत नाही, पण पहिल्या दिवसांसाठी पुरतं.

मग या खेळीच्या खुणा. सुरुवातीचा पोकेमॉन चारमँडर. त्याला पडलेल्या वेड्यावाकड्या नावावरून लोक त्याला ‘ॲबी’ म्हणू लागले. पुढे तो चारमीलियन झाला आणि पीसीशी, म्हणजे खेळात पोकेमॉन साठवायच्या संगणकाशी, झालेल्या झटापटीत लोकांच्या हातून कायमचा सोडला गेला. सोबत ‘जे लेनो’ म्हणून ओळखला जाणारा रटाटाही गेला. पडद्यावर ॲबी संघात असेल तर तो क्षण त्या आधीचा. पिशवीत हेलिक्स फॉसिल असेल तर ते जिथे मिळतं त्या माउंट मूननंतरचा. अराजक-लोकशाहीचा पट्टा दिसत असेल तर १८ फेब्रुवारीच्या आधीचा असूच शकत नाही, कारण खेळातल्या सेलाडॉन शहरात टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीच्या तळघरातल्या चक्रव्यूहात सगळे अडकले तेव्हा ती सोय आली. ‘पहिल्या दिवसाचा’ म्हणवणाऱ्या व्हिडिओत तो पट्टा दिसला की पुढे बघायची गरज नाही.

खेळानंतर चॅट. पडद्याच्या उजव्या बाजूला कुणी कोणतं बटण दाबलं याची यादी सरकत असायची. त्यातली सलग पाच-सहा नावं आणि त्यांची बटणं हे त्या क्षणाचे बोटांचे ठसे आहेत. ट्विचचं चॅट आयआरसी या जुन्या, खुल्या गप्पा-पद्धतीवर चालतं, त्यामुळे ते नोंदवून ठेवणारे तेव्हाही होते. चॅटची नोंद मिळाली तर तो क्रम त्यात शोधा. जुळला तर व्हिडिओ खरा आणि वेळ सेकंदापर्यंत पक्की. फक्त एक धरून चाला: पडद्यावरचं चित्र प्रेक्षकाला वीस सेकंद किंवा त्याहून उशिरा दिसायचं. म्हणून यादीतली ओळ चॅटच्या वेळेशी जुळवा, पण कुणी चॅटमध्ये ‘अरेरे’ म्हटलं तो क्षण आणि खेळातला अपघात यांत फट राहणारच.

इथे एक प्रश्न हमखास येतो: चॅटची पूर्ण नोंद असेल तर तीच बटणं एम्युलेटरला देऊन व्हिडिओ पुन्हा का तयार करू नये? नाही होत. ‘पोकेमॉन रेड’मधले योगायोग, म्हणजे कोणता पोकेमॉन समोर येईल, वार लागेल की चुकेल, हे प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाशी बांधलेले आहेत. बटण सेकंदाच्या साठाव्या भागाने जरी मागेपुढे झालं तरी खेळ वेगळ्या वाटेला लागतो. चॅटच्या नोंदीत संदेश आल्याची वेळ असते, बटण दाबलं गेल्याची नव्हे. आलेली प्रत्येक आज्ञा अमलात आली होती असंही नाही. कुणी असा पुनर्निर्मित व्हिडिओ दाखवला तर तो कौतुकाचा विषय ठरू शकेल, पण तक्त्यात त्याला जागा नाही.

शेवटी फाइल स्वतः. व्हिडिओ फाइल तपासणाऱ्या ‘एफएफप्रोब’ या साधनाने तिची अंतर्गत माहिती काढा. अनेक फाइलींत ती बांधणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनात २०१४ च्या सुरुवातीला ‘लॅव्हएफ ५५’ चालू होतं, ५६ सप्टेंबर २०१४ मध्ये आलं. आकडा ५५ असेल तर फाइल त्या काळात तयार झाली याला बळ मिळतं. ५८ किंवा ६० असेल तर नंतर कुणीतरी ती नव्याने बांधली आहे. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही, पण आधीची प्रत कुठे आहे हे विचारायचं कारण मिळतं.

जपणूक

मूळ फाइल उघडण्याआधी तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढा आणि लिहून ठेवा. नंतर कधीही कुणी प्रत दिली तर ती हीच की बदललेली, हे एका मिनिटात कळतं.

फाइल चालत नसेल तर रूपांतर करायचा मोह आवरा. एफएलव्हीमधला चित्रप्रवाह न छेडता नुसता एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकाराच्या पेटीत हलवता येतो. एफएफएमपेगमध्ये ‘कॉपी’ हा पर्याय दिला की एन्कोडिंग पुन्हा होत नाही. पुन्हा एन्कोड केलं की आधीच धूसर असलेली उजवीकडची नावांची यादी वाचता येईनाशी होते, आणि पारख करायला आपल्याला तीच तर हवी असते. चालवायला सोपी प्रत वेगळी बनवा, मूळ तशीच ठेवा. काळी फ्रेम, तुटलेला आवाज, सुरुवातीची गोठलेली पाच सेकंदं, काहीही कापू नका.

जागेची भीती अनाठायी आहे. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर तासाला ४५० एमबी होतात, म्हणजे सगळे ३९१ तास मिळून साधारण १७६ जीबी. एका साध्या पोर्टेबल डिस्कवर मावेल. एक प्रत तुमच्याकडे, दुसरी वेगळ्या घरात किंवा शहरात, तिसरी इंटरनेट अर्काइव्हवर. यूट्यूबवर जरूर टाका, लोकांना बघायला तेच सोयीचं. पण यूट्यूब प्रत्येक फाइल स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं, म्हणून ती जतनाची प्रत धरू नका. खेळ निन्टेन्डोचा आहे, तेव्हा व्हिडिओसोबत खेळाची रॉम फाइल, म्हणजे खुद्द खेळाची प्रत, कधीही जोडू नका. त्यापायी सगळा संच काढला जाऊ शकतो. ज्याने रेकॉर्ड केलं त्याची परवानगी लेखी घ्या, आणि नाव द्यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

प्रत्येक फाइलीसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा. तिच्यात टायमरवरची सुरुवात आणि शेवट, यूटीसी वेळ, फाइल कशी मिळाली, कोणत्या साधनाने रेकॉर्ड झाली, चेकसम आणि तुम्ही कोणत्या खुणांवरून ती खरी ठरवली, हे सगळं लिहा. खूण पटली नसेल तर तेही लिहा.

आज कुणी नवी अशी स्ट्रीम सुरू करत असेल, तर त्याने ट्विचवर विसंबू नये. स्ट्रीम सुरू करण्याआधी स्वतःच्या यंत्रावर रेकॉर्डिंग सुरू करावं, पडद्यावर यूटीसी घड्याळ ठेवावं, आणि प्रत्येक बटण कोणत्या फ्रेमला दाबलं गेलं याची नोंद वेगळ्या फाइलीत करावी. एवढं केलं तर व्हिडिओ गेला तरी खेळी पुन्हा उभी करण्याची आशा राहते.

आणि तक्ता. एखाद्या तासापुढे ‘सापडलं’ असं लिहाल तेव्हा दुवा देऊन थांबू नका, दुवे मरतात. मूळ फाइल आत्ता कोणाकोणाच्या डिस्कवर आहे, ते त्यांनी सांगितलेल्या टोपणनावाने लिहा, आणि वर्षातून एकदा त्यांना विचारा की ती अजून उघडते का.